तुझ्या जन्माचा कागद

फोंडा, गोवा

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

चवथीला तू घरी आलीस तेव्हा माटोळीखाली बसून जे विचारलेस, त्याचे उत्तर पाहुण्यांच्या गर्दीत मला नीट देता आले नाही. वसतिगृहाच्या प्रवेशासाठी तुझी तपासणी झाली, रक्तदाब थोडा जास्त भरला, डॉक्टरांनी पूर्वीच्या मोठ्या आजारपणाविषयी विचारले आणि तू ‘नाही’ म्हणालीस. ते खोटे होते का, हा तुझा प्रश्न. खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि त्या अपुरेपणात माझाही वाटा आहे. नवजात कक्षातली परिचारिका म्हणून तुला घरी पाठवताना तुझ्या आजीला मीच म्हटले होते, ‘आता ही चारचौघींसारखी झाली, मागचे सगळे विसरून जा.’ आजीने ते मनापासून मानले आणि तुझा डिस्चार्जचा कागद ट्रंकेच्या तळाशी गेला.

तो कागद आता तू मागून घे. त्यावर गर्भकाळ 26 आठवडे आणि वजन 790 ग्रॅम अशी नोंद आहे. 28 आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म जागतिक आरोग्य संघटना सर्वांत अकाली गटात धरते. लहानातला लहान लंगोटही तुला मोठा होई, म्हणून आम्ही तो कापून अर्धा करीत असू. रक्त तपासण्यासाठी तुझी टाच पुनःपुन्हा टोचावी लागे. त्याचे बारीक पांढरे ठिपके अजून असतील, उजेडात पाहा.

आधी रक्तदाबाचे सांगते. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, आईच्या पोटात साधारण 36व्या आठवड्यापर्यंत तयार होत असतात. बाळ आधी जन्मले तर हे काम बाहेर काही आठवडे चालते आणि मग कायमचे थांबते. त्यामुळे अशा मुलांच्या वाट्याला बहुधा कमी गाळण्या येतात आणि त्यांनाच जास्त काम करावे लागते. अकाली जन्मलेल्या प्रौढांचा वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सरासरीने 3-4 अंकांनी जास्त आढळतो, त्यामागे हेही एक कारण मानले जाते. एकदा जास्त भरला म्हणून तू रुग्ण ठरत नाहीस. मात्र आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे शांत बसून तो मोज, आकडे वहीत लिही आणि डॉक्टरांना दाखव. वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घे. जेवणात सुके मासे, लोणचे आणि पाकिटातले खारे पदार्थ बेताने घे, आणि पाळीच्या दुखण्यावर औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याची सवय लावून घेऊ नकोस. त्यांतल्या काही मूत्रपिंडावर भार टाकतात.

फुप्फुसांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तिथेच तुझी सर्वांत जास्त फसगत होत आली आहे. 26व्या आठवड्यात फुप्फुसात हवेचे खरे कप्पे तयार झालेले नसतात, आणि ते मिटू नयेत म्हणून लागणारा सर्फॅक्टंट हा पदार्थही पुरेसा नसतो. तो आम्ही नळीतून दिला, यंत्राने श्वास दिला. त्याच यंत्राचा दाब आणि प्राणवायू यांनी कोवळ्या फुप्फुसांना इजाही होते. शिगम्यात रोमटाच्या मिरवणुकीबरोबर चालताना तुला धाप लागते, तेव्हा घरचे दमा म्हणतात. कदाचित दमा असेलही. पण अकाली जन्मातून आलेला श्वासनलिकांचा अडथळा दम्यासारखाच दिसतो आणि दम्याच्या पंपाने दर वेळी तितका सुटत नाही. म्हणून एकदा छातीच्या तज्ज्ञांकडे स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची चाचणी, कर आणि कागद सोबत ने. फुप्फुसांची ताकद विशीत सर्वोच्च असते, पुढे सर्वांचीच हळूहळू उतरते. तुझी सुरुवातच खालून झाल्यामुळे सिगारेटला एकदाही हात लावू नकोस, हे मी अगदी हात जोडून सांगते. नरकासुर जाळण्याच्या रात्री धुरात उभी राहू नकोस. पावसाळ्यात वसतिगृहाच्या भिंतीला बुरशी आली तर खोली बदलून माग, त्यात संकोच करू नकोस. चालणे आणि सायकल सोडू नकोस. व्यायामाने फुप्फुसे नव्याने वाढत नसली तरी आहेत त्यांच्यावर शरीर अधिक चांगले चालते.

अकाली जन्मामुळे डोळ्यांच्या आतल्या पडद्याला झालेल्या त्रासासाठी तुला लेसर झाला होता. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तो पडदा तपासून घे. अचानक ठिणग्या दिसल्या, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटले, तर परीक्षा असली तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

गणितात तुला वेळ लागतो, गर्दीत तू गप्प होतेस, यावरून आईशी तुझे खटके उडतात असे तू म्हणालीस. लक्ष टिकवण्याची अडचण, आकडेमोडीतला संथपणा आणि काळजीखोर स्वभाव अकाली जन्मलेल्यांत इतरांपेक्षा जास्त आढळतात. तू आळशी नाहीस. आईलाही हे पत्र वाचू दे.

आणि तू खालच्या आवाजात विचारलेस, ‘असे जगणे कमी प्रतीचे असते का?’ भारतीय वंशाच्या नवजाततज्ज्ञ सरोज सैगल यांनी कॅनडात, 1000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा ती मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी त्या किशोरवयीन मुलांनाच विचारले, आणि अडचणी जास्त असूनही बहुतेकांनी आपल्या जगण्याचा दर्जा चांगला असल्याचे सांगितले. 1999 च्या अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्या जगण्याला आईवडिलांनी जितके मोल दिले, त्यापेक्षा डॉक्टर आणि परिचारिकांनी कमी दिले. ते वाचून मी रात्रभर अस्वस्थ होते, कारण कमी मोजणाऱ्यांत मीही बसले असते. तुझ्या जगण्याचा दर्जा ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे कधीच नव्हता, तो तुझ्याकडे आहे.

कागदाच्या तीन झेरॉक्स काढ, एक फोटो मोबाइलमध्ये ठेव आणि पुढच्या तपासणीला डॉक्टर विचारतील त्याआधीच तो पुढे कर. मागच्या बाजूला, दूध किती वाजता किती पाजायचे ते मी निळ्या शाईने लिहिले आहे. अक्षर लागले नाही तर फोन कर.

तुझी,
सिस्टर मावशी