घोडी लगाम ओढला की मान वर करून पळते. काटेरी लगाम लावावा का?

नका लावू. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली मारवाडी घोडी, एरवी स्वभावाने गरीब, पण लगाम खेचला की तोंड आभाळाकडे करून सुटते आणि गावातले जाणते लोक काट्याचा लगाम सुचवताहेत, असं तुम्ही लिहिलंय. काट्याच्या लगामावर आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनुसार बंदी आहे. बंदी नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथे लगामाची कडी बसते. तिथे हाडावर हिरडीचा पातळसा थर असतो, बाकी काही नाही. दुखलं की घोडा पळतो, हा त्याचा जन्मजात स्वभाव. तुम्ही जेवढं खेचाल तेवढं ती जोरात पळणार.

आधी दुखणं शोधा. पशुवैद्याकडून दात तपासून घ्या. दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला आतून कापतात, कधी पहिल्या दाढेपुढे एक छोटा दात निघतो आणि कडी त्यावर आपटते. मग खोगीर. तुम्ही वर बसलेले असताना मानेच्या शेवटी असलेल्या उंचवट्यावर खोगीर टेकता कामा नये. मधे दोन-तीन बोटं शिरली पाहिजेत. आणि दिवसभर अगाडी-पिछाडी (पुढच्या-मागच्या दोऱ्या) बांधून ठेवलेल्या, वर भरपूर चंदी, म्हणजे दाणा, खाणाऱ्या घोडीला संध्याकाळी रपेटीला काढलं तर ती उधळणारच. चंदी कमी करा, चारा वाढवा, रोज मोकळं सोडा.

यातून काहीच निघालं नाही, तर तिच्या शिकवणीकडे बघा. सारंगखेड्याच्या त्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडी दाखवतात कशी ते आठवा. लगाम आवळलेला, त्याच वेळी टाचा चालू, मान ताठ उभी, रेवाल नावाची झपझप, न हिंदकळणारी चाल. गिऱ्हाईक त्यालाच भुलतं. अशा तयारीतून आलेल्या घोडीला लगाम ताणला म्हणजे उसळून पुढे जायचं, एवढंच ठाऊक असण्याची शक्यता मोठी. तुम्ही ‘थांब’ म्हणता, तिला ‘चल’ ऐकू येतं. म्हणून पाटी कोरी करून सुरुवात करावी लागेल.

घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो. हे एकदा हातात उतरलं की निम्मं काम झालं. आधी जमिनीवर उभं राहून करा. घोडीच्या डाव्या खांद्याशी उभे राहा, लगामाची डावी वादी (पट्टा) दोन बोटांत धरा आणि हलकासा ताण द्या. ओढायचं नाही, धरून ठेवायचं. ती मान वर करेल, झटकेल. ताण वाढवू नका, सोडूही नका. कधीतरी जबडा सैल पडेल, नाक इंचभर तुमच्याकडे वळेल. त्याच क्षणी बोटं उघडा. क्षणभर उशीर झाला तरी तिला कळत नाही की बक्षीस कशाचं मिळालं. दोन्ही बाजूंनी करा, थोडा वेळच करा, पण रोज करा.

वर बसल्यावर बरेच दिवस फक्त चालीवरच राहा. चालताना घोड्याची मान प्रत्येक पावलाला पुढे-मागे होते, तुमचे कोपर तिच्याबरोबर गेले पाहिजेत. हात एका जागी घट्ट राहिले तर प्रत्येक पावलाला तिच्या तोंडात झटका बसतो आणि तो तुम्हाला जाणवतही नाही. थांबवायचं असेल तेव्हा आधी श्वास सोडा, बैठक जड करा, कंबर हलवणं थांबवा, मगच बोटं मिटा. थांबली की लगाम लगेच ढिला. काही दिवसांत ती श्वासावरच थांबायला लागते. तिचे कान बघत राहा. मारवाडीचे आत वळलेले कान फार बोलके असतात. एक कान तुमच्याकडे मागे वळलेला असेल तर ती ऐकतेय.

टाचा सतत पोटाला चिकटवून ठेवू नका. पोटरीने दाबा, तिने पाऊल उचललं की पाय सैल.

चालीवर पक्की झाल्याशिवाय दुडकी नको आणि तोवर कुंपणाबाहेर नको. तरीही सुटलीच तर दोन्ही वाद्या खेचू नका, ती त्यावर जोर देऊन पळेल. एकच वादी हळूहळू घेऊन मोठ्या गोलात वळवा आणि गोल लहान करत आणा. डांबरी किंवा निसरड्या जागी एकदम वळवलं तर पडेल, हे लक्षात ठेवा. डोक्याला हेल्मेट आणि पायात टाचेचे बूट हवेतच. चपलेतला पाय रिकिबीत अडकला तर माणूस फरफटत जातो.

दातांचं काय निघालं ते जरूर कळवा. कडीचा आणि खोगिराचा बाजूने काढलेला फोटो टाकलात तर बसणीबद्दल नेमकं सांगता येईल.