ॲरो की दाबली की फॉर्म अडखळतो

प्रश्न : विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजवरचे प्रोग्राम बनवण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन) केलेल्या आमच्या फॉर्मवर विभाग निवडण्यासाठी कॉम्बोबॉक्स (खाली यादी उलगडणारी चौकट) आहे आणि विभाग बदलला की त्यातील कर्मचाऱ्यांची यादी डेटाबेसमधून येते. माउसने निवडल्यास सारे सुरळीत चालते. पण ॲरो कीने पहिल्या विभागावरून आठव्यावर जाताना फॉर्म पावलोपावली अडखळतो. कीडाउनमध्ये (की दाबताच चालणाऱ्या कोडमध्ये) ॲरो की बंदच करून टाकाव्यात का?

उत्तर : मुळीच नाही. दिवसभर माउसला हात न लावता नोंदी करणाऱ्यांची, आणि ज्यांना माउस धरताच येत नाही त्यांची, वाट त्यामुळे बंद होईल.

तुम्ही बहुधा ‘सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड’ हा इव्हेंट (निवड बदलल्याची सूचना) पकडला आहे. यादी उघडी असली तरी ॲरो कीने ओळ बदलताच तो येतो; म्हणजे आठव्या विभागापर्यंत डेटाबेसकडे सात फेऱ्या होतात आणि त्यांतल्या सहा वाया जातात. (कोडमधून निवड बदलली तरीही तो येतो, त्यामुळे फॉर्म उघडतानाची एखादी फुकट फेरीही सापडेल.) त्याऐवजी ‘सिलेक्शनचेंजकमिटेड’ वापरला, तर उघड्या यादीत एंटर दाबेपर्यंत किंवा क्लिक करेपर्यंत तो गप्प राहतो. बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात, कारण यादी मिटलेली असताना ॲरो कीचे प्रत्येक पाऊल हीच पक्की निवड धरली जाते आणि सातही फेऱ्या परत येतात.

म्हणून मी टायमर लावतो. ‘सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड’ आणि ‘ड्रॉपडाउनक्लोज्ड’ या दोन्ही इव्हेंटमध्ये केवळ 300 मिलिसेकंदांचा टायमर थांबवून नव्याने सुरू करावा, दुसरे काहीही करू नये. यादी मिटल्याची आणि निवड बदलल्याची सूचना कोणत्या क्रमाने येईल याची विंडोज हमी देत नाही. दोन्हीकडे टायमरच असल्याने त्या क्रमाची चिंता उरत नाही. टिकमध्ये (टायमरची वेळ भरताच चालणाऱ्या कोडमध्ये) आधी टायमर थांबवावा, ‘ड्रॉप्डडाउन’ खरे (म्हणजे यादी अजून उघडी) असेल तर तिथूनच परतावे, आणि निवडलेल्या विभागाचा इंडेक्स (यादीतला क्रमांक) ज्या विभागाचे कर्मचारी शेवटी आणले त्याच्या इंडेक्सपेक्षा वेगळा असेल तरच डेटाबेसकडे जावे. त्यामुळे कोणी यादी नुसती उघडून मिटवली, तरी फेरी होत नाही.

एक जागा मात्र सुटते. ॲरो की दाबून वापरकर्ता लगेच टॅबने पुढे गेला, तर त्या 300 मिलिसेकंदांत पुढच्या चौकटीत जुन्याच विभागाचे कर्मचारी दिसतात. तेव्हा कॉम्बोबॉक्स सोडताना येणाऱ्या ‘लीव्ह’ इव्हेंटमध्ये टायमर चालू आढळला, तर तो थांबवून कर्मचाऱ्यांची यादी तिथेच आणावी.