टाचदुखी आणि सकाळचे पहिले पाऊल
तुम्ही अजिंक्यताऱ्याची चढण नुकतीच सुरू केली आणि सकाळी उठताना टाचेत कळ येऊ लागली, हे ऐकून मला माझे पहिले वर्ष आठवले. हा बहुधा प्लांटर फॅसिआयटिस, म्हणजे तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे, असावा. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला तळव्याचा जाड पट्टा रात्रभर आखडलेला असतो आणि उठताच त्यावर एकदम भार येतो, म्हणून पहिली पावलेच सर्वाधिक दुखतात. यासाठी पाय जमिनीवर टेकवण्यापूर्वीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा, हाताने बोटे नडगीकडे ओढावीत आणि तळव्याला ताण जाणवला की १० आकडे मोजावेत. असे १० वेळा, दिवसातून ३ वेळा करावे. आखडलेली पोटरीही टाचेला खेचत राहते, तेव्हा भिंतीला हात टेकवून तीही ताणावी. घरातील फरशीवर अनवाणी चालणे मात्र कृपया थांबवा. मला सर्वांत उशिरा उमगलेली गोष्ट हीच. काही आठवडे गडाची चढण सोडून सपाट रस्त्यावर थोडेच चाला. पूर्ण आराम पडण्यास कित्येक महिने लागू शकतात, त्यामुळे धीर सोडू नका. परंतु पायाला बधिरपणा, मुंग्या किंवा सूज आल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना त्वरित दाखवा.