होलाशोवित्सेला जाण्याआधी

चेक प्रजासत्ताकातल्या प्राग आणि चेस्की क्रुम्लोवच्या दौऱ्यात होलाशोवित्से या खेड्यासाठी अर्धा दिवस काढावा का, की तिथे नुसती रंगीत घरंच आहेत, असं तुम्ही विचारलंय. जरूर काढा, पण गावाचा इतिहास वाचून जा. नाहीतर चार फोटो काढून लगेच परत फिराल.

देशाच्या दक्षिण बोहेमिया भागात, चेस्के बुद्येयोवित्से शहराच्या पश्चिमेला जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर हे गाव आहे. १२९२ साली ते विश्शी ब्रोदच्या ख्रिस्ती मठाला मिळालं आणि १८४८ पर्यंत मठाकडेच राहिलं. १५२० ते १५२५ या काळात प्लेगमध्ये गाव ओस पडलं. दोनच माणसं वाचली, असं सांगतात. मग मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून कुळं आणून गाव पुन्हा वसवलं. तिथून पुढे चारशे वर्षं गावात जर्मन बोलणाऱ्यांचंच प्राबल्य होतं.

मधल्या लांबट चौकात तळं आणि संत यान नेपोमुकचं छोटं प्रार्थनाघर आहे. सभोवती वीसेक शेतकऱ्यांचे वाडे. प्रत्येकाची निमुळती त्रिकोणी भिंत चौकाकडे, शेजारी कमानीचा दरवाजा, आत अंगण, मागे धान्याचं कोठार आणि त्यामागे लांबच लांब जमिनीची पट्टी. जमिनीची ही आखणी मध्ययुगातली आहे. गिलाव्यातली वेलबुट्टी मात्र एकोणिसाव्या शतकातली. १८४८ मध्ये वेठबिगार सुटली, जमीन शेतकऱ्याच्या नावावर झाली, हाती पैसा खुळखुळू लागला. मग शहरातल्या इमारतींवरची बरोक, म्हणजे वळणदार आणि भरगच्च शैलीची नक्षी गवंड्यांनी खेड्यातल्या घरांवर उतरवली. काही भिंतींवर वर्षंही घातलेली दिसतात, ती जरूर वाचा.

एवढं सगळं टिकलं कसं, हे माहितीपत्रकं एका ओळीत उरकतात, आणि मला ते खटकतं. नाझींचा पाडाव झाल्यावर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनभाषकांना देशाबाहेर घालवलं. होलाशोवित्सेची जर्मन कुटुंबंही १९४६ मध्ये गेली. बरेच वाडे ओस पडले, पडझड झाली. पण जुनं पाडून नवं बांधायला पैसा आणि हौस असलेलं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून मूळ बांधणी शाबूत राहिली. १९९० नंतर डागडुजी झाली आणि १९९८ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गावाचं हे देखणेपण त्या ओसाडीतून आलंय, हे विसरून ते पाहू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता जाण्याबद्दल. चेस्के बुद्येयोवित्सेहून बस आहे, पण शनिवार-रविवारचं वेळापत्रक आधी बघा. वाड्यांत माणसं राहतात, तेव्हा उघडा दरवाजा दिसला म्हणून आत शिरू नका. शांतपणे पाहायचं असेल तर जुलैच्या उत्तरार्धातला शेतकऱ्यांचा उत्सव टाळा, तेव्हा खूप गर्दी असते. गावाजवळ मोठ्या दगडांचं एक वर्तुळ आहे. ते अलीकडचं आहे, वेळ कमी असेल तर सोडून द्या.