संगीत महोत्सवात कॅम्पिंगचं सामान ओढायला ट्रॉली कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा : लातूरहून चौघे मित्र, डिसेंबरात तीन दिवसांचा महोत्सव, पार्किंगपासून तंबूच्या जागेपर्यंत दीड किलोमीटर कच्ची वाट. सामानात दोन तंबू, गाद्या-पांघरुणं, शेगडी, बर्फाचा डबा, पाणी. ऑनलाइन दिसणाऱ्या घडीच्या कापडी ट्रॉल्यांपैकी कोणती घ्यावी, आणि '८० किलो', '१५० किलो' असे जे आकडे छापलेले असतात ते खरे धरावेत का.

आधी उत्तर देऊन टाकतो. चौघांना घडीची चारचाकी ट्रॉली पुरते, पण चाक किमान १८ सेंटिमीटर व्यासाचं, ८ ते १० सेंटिमीटर रुंद आणि टायर भरीव असेल तरच. तसली मिळत नसेल तर त्यात पैसे घालू नका, वेल्डिंगवाल्याकडून सायकलच्या चाकांची दोनचाकी गाडी करून घ्या. आणि गॅसची टाकी न्यायच्या त्या छोट्या ट्रॉलीवर दोऱ्या बांधून भागवू असं कुणी सुचवलं असेल, तर त्यालाच ती ओढायला लावा.

मी लातुरात मंडप आणि साउंडचं काम करतो. हरिनाम सप्ताह, लग्नं, जयंत्या, यात्रा. रस्ता संपतो तिथून पुढं सामान न्यायचं, हे आमचं रोजचंच. टेम्पो स्टेजपर्यंत जातो असं क्वचितच होतं. कुणाच्या तरी बांधाच्या अलीकडं तो उभा राहतो आणि तिथून स्पीकरच्या पेट्या, केबलची भेंडोळी, पाइप, सगळं चाकावर नाहीतर खांद्यावर. या धंद्यात एक गोष्ट पक्की कळते : ट्रॉली सामान बघून घ्यायची नसते, जमीन बघून घ्यायची असते. तुमच्या दीड किलोमीटरातली चौदाशे मीटर वाट बरी असेल, तिथं काहीही चालतं. उरलेल्या शंभर मीटरसाठी तुम्ही पैसे मोजताय.

महोत्सव कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जमिनीबद्दल जरा सविस्तर. मुरमाड माळ असेल तर नशीबवान आहात. मुरूम दाबला जातो, चाक रुतत नाही, फक्त खडे आणि खळगे सोसावे लागतात. वाळू असेल, जशी राजस्थानात शेखावाटीतल्या अलसीसरला आहे, जिथं मॅग्नेटिक फील्ड्स हा संगीत महोत्सव बरीच वर्षं भरला, तर अरुंद चाक सरळ खाली बसतं, तिथं रुंदीच लागते. अरुणाचलातला झिरोचा महोत्सव भातखाचरांच्या खोऱ्यात सप्टेंबरच्या अखेरीस भरतो, तेव्हा चिखल गृहीतच धरायचा. तिथं तर मी ट्रॉली न्यायलाच सांगणार नाही. नाहरलागुन स्टेशनपासून पुढं डोंगरातून सुमोनं जायचं, ट्रॉली टपावर चढवा-उतरवा, आणि तिथं तंबू भाड्यानं मिळतात. पाठीवर सॅक घ्या आणि मोकळे व्हा.

आणि काळी माती असेल तर नीट वाचा, कारण बाहेरचे लोक जे सल्ले देतात ते आपल्या मातीत उलटे पडतात. सगळे सांगतात, मऊ जमिनीला रुंद चाक. कोरड्या जमिनीत ते खरं आहे. पण आपली काळी माती पाणी धरून फुगते आणि ओली झाली की चिकटते. एक सर येऊन गेली की रुंद चाक उलट जास्त माती उचलतं. माती चाकावर थराथरानं चढते, चाक आणि सांगाडा यांच्यातल्या फटीत बसते, आणि वीस-तीस पावलांत चाक फिरायचंच थांबतं. मग तुम्ही ट्रॉली ओढत नसता, नांगर ओढत असता. म्हणून विकत घेताना चाकाच्या रुंदीइतकीच ही फट बघा. चाकाच्या वर आणि बाजूला दोन बोटं आरामात शिरली पाहिजेत. घडीच्या बऱ्याच ट्रॉल्यांत एक बोटही जात नाही, विशेषतः पुढच्या चाकांना. डिसेंबरात पाऊस नसतो हे मान्य, पण अवकाळी तारीख विचारून येत नाही. बरोबर एक बोथट खुरपं ठेवा, माती काढायला दुसरं काही इतकं कामाला येत नाही. कोरड्या काळ्या रानाचा त्रास वेगळा. त्याला भेगा पडतात आणि अरुंद चाक भेगेत जाऊन अडकतं.

आता चाकाचा व्यास. हा लोक बघतच नाहीत, रंग बघतात. वाटेत ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आला असं धरा. १८ सेंटिमीटर व्यासाचं चाक त्यावर चढवायला, त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या साधारण दुप्पट जोरानं आडवं ओढावं लागतं. तोच दगड ५० सेंटिमीटरच्या चाकाला भाराच्या पाऊणपट जोरात पार होतो. हे अनुभवानं नाही, साध्या भूमितीनं निघतं. बैलगाडीचं चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं का असायचं, त्याचं उत्तर इथंच आहे. घडीच्या ट्रॉलीत एवढं मोठं चाक मिळणार नाही, म्हणून मिळेल त्यातलं मोठं घ्यायचं, आणि दगड समोर आला की जोर न लावता ट्रॉली तिरपी करून एकेक चाक चढवायचं.

टायर हवेचा की भरीव, यावर मी अडून बसणारा माणूस आहे. हवेचा टायर ओढायला मऊ, आवाज नाही, हादरे कमी, सगळं कबूल. पण आपल्याकडं माळावर बाभळीचे काटे, वेड्या बाभळीचे काटे आणि पायवाटेनं पसरलेले सराटे. पार्किंगपासून शंभर पावलांत ट्यूब बसली तर रात्री नऊ वाजता पंक्चरवाला कुठं शोधणार? भरीव रबर किंवा फोमचा टायर घ्या. नुसतं कडक प्लॅस्टिकचं चाक मात्र नको. ते सिमेंटवर खडखडतं, गवतावर घसरतं, आणि मोठ्या दगडावर आपटलं की त्याची कड तडकते.

दुकानात ट्रॉली हाताशी असेल तर ती उलटी करा. दुकानदार बघत राहील, बघू द्या. प्रत्येक चाक हातानं फिरवा, मग आडवं हलवून बघा. फार खुळखुळलं तर आतला बुश प्लॅस्टिकचा आणि ढिला आहे, भार आला की चाक तिरकं चालणार. बेअरिंग असेल तर उत्तम. चाक बाहेर येऊ नये म्हणून जी पिन किंवा टोपी असते ती नुसती दाबून बसवलेली आहे की नटानं आवळलीय, ते बघा. नट असेल तर वाटेत दुरुस्ती होते. त्यानंतर दांडा. घडीच्या ट्रॉलीत सगळ्यात आधी जातो तो दांड्याचा खालचा सांधा, कारण सगळी ओढ तिथं येते. तिथं लोखंडी पट्टी आणि बोल्ट हवा, प्लॅस्टिकचा साचा नको. दांडा पुरेसा लांबही हवा, नाहीतर पुढची चाकं दर पावलाला तुमच्या टाचेवर येतात. उंच माणसानं स्वतः ओढून बघितल्याशिवाय घेऊ नये. कापडाबद्दल फार डोकं लावू नका, ६०० डी (डेनिअर, म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) असं लिहिलेलं ऑक्सफर्ड कापड पुरतं. कापड फाटलं तर शिवता येतं, आख वाकला तर काही करता येत नाही.

छापलेल्या वजनाचं विचारलंत. तो आकडा सपाट फरशीवर, सारखं पसरलेलं वजन धरून असतो असं समजा, आणि कच्च्या वाटेसाठी निम्मा करा. तुमचा हिशेब मांडून बघू. दोन तंबू १० किलो, चौघांच्या गाद्या-पांघरुणं १२, शेगडी आणि भांडी ६, बर्फ भरलेला डबा १५, पाण्याचा एक जार २०. झाले ६३ किलो. कपड्यांच्या पिशव्या यात धरलेल्याच नाहीत, त्या पाठीवरच राहू द्या. म्हणजे '८० किलो'वाली ट्रॉली बाद, '१५० किलो'वाली चालेल. वर ट्रॉलीचं स्वतःचं वजन दहा-बारा किलो असतं, तेही तुम्हीच ओढणार. शेगडीचं आधी आयोजकांना विचारा, बऱ्याच ठिकाणी तंबूंच्या भागात आगीला बंदी असते, मग ते ६ किलो आपोआप गेले.

पाण्यावरून आपल्या लोकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे मला माहीत आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी बघितलंय, तो लातूरकर रिकामा जार घेऊन घर सोडत नाही. त्या उन्हाळ्यात गल्लीत जे दिसेल त्याचा पाण्याचा गाडा झाला होता. पण महोत्सवात प्यायच्या पाण्याची सोय असेल आणि तुम्ही जार रिकामा नेलात, तर भार एकदम ६३ वरून ४३ वर येतो. घडीच्या साध्या ट्रॉलीत आणि महागड्या ट्रॉलीत फरक पडतो तो नेमका एवढ्याच वजनासाठी. माझं ऐकाल तर पहिल्या फेरीला दोन-दोन लिटरच्या बाटल्या, आणि तंबू ठोकून झाल्यावर रिकाम्या ट्रॉलीतून जार भरून आणायचा.

लादताना जड वस्तू तळाला आणि दोन्ही आखांच्या मधोमध, गाद्या वर. बरेच जण बर्फाचा डबा सगळ्यात शेवटी आठवतो म्हणून वर ठेवतात आणि पहिल्या वळणावर ट्रॉली आडवी होते. बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घ्या. पंक्चरच्या दुकानात मागितल्या तर मिळतात, आणि त्या ताण धरतात तसा नायलॉनचा दोर धरत नाही. उतार असेल तर एकानं मागून दोर धरून चालायचं. ब्रेक असलेली ट्रॉली मिळते, पण तो ब्रेक उभी करून ठेवण्यापुरता असतो, चालताना लावायचा नव्हे. चढाला दुसऱ्या माणसानं दांड्याला हात न लावता मागून ढकलावं. दोघं मिळून दांडा ओढतात तेव्हाच तो सांधा जातो. आणि तंबूजवळ पोचल्यावर ट्रॉलीत कुणाला बसू देऊ नका. दोस्त बसणारच, तरी सांगतो.

गाडीचं बघितलंत का? चौघे आणि हे सगळं सामान असेल तर छोट्या कारच्या डिकीत घडी केलेली ट्रॉलीसुद्धा नकोशी होते. घडीची मापं आणि डिकीची मापं टेपनं घ्या, नुसतं 'बसेल' म्हणू नका. रेल्वेनं जात असाल तर स्लीपर आणि थ्री-टिअर एसीला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, चौघांत ते भरपूर झालं. अडचण वजनाची नसून जागेची आहे, घडी सीटखाली जाते का ते बघा.

किमतीत ऑनलाइन बरीच तफावत आहे, साधारण ४,००० ते ८,००० रुपयांत बरी वस्तू यावी. वर्षातून एकदाच जाणार असाल तर विकत घेण्याआधी गावात विचारा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला राहुट्या घेऊन जाणारे, पंढरपूरच्या दिंडीत सामान सांभाळणारे, मंडपवाले, यांच्याकडं काहीतरी चाकांचं पडलेलं असतंच आणि चार दिवसांसाठी कुणी नाही म्हणत नाही. तुम्ही दोघंच असता तर मी ट्रॉली घेऊच नका म्हणालो असतो.

गाडी करूनच घ्यायची ठरली तर वेल्डिंगवाल्याला ही मापं द्या. तळ ९० बाय ५० सेंटिमीटर, एक इंची चौकोनी पाइप, वर जाळी किंवा प्लाय. चाकं लहान मुलांच्या सायकलची, २० इंची, भंगारात बरी मिळतात. महत्त्वाचं म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी आधार द्यायला सांगा, सायकलच्या चिमट्यात असतो तसा. एकाच बाजूनं बोल्ट मारून बसवलं तर सायकलचा आख हे वजन पेलत नाही, वाकतोच. चाकं तळाच्या मध्यापासून किंचित मागं घ्या, म्हणजे हातावर थोडाच भार येतो आणि गाडी मागं उलटत नाही. दांडा ११० सेंटिमीटर, पुढं उभी राहायला एक पाय, आणि चाकं नट काढून निघतील अशी, म्हणजे टपावर टाकता येईल. ही चाकं हवेची असणार, त्यामुळं काट्यांचं मी वर जे बोललो ते इथं लागू आहे : पंप आणि पंक्चरचं सामान बरोबर ठेवा, किंवा सायकलच्या दुकानात भरीव टायर बसतो का ते विचारा.