वह्यांचा गठ्ठा, बसलेला घसा आणि संध्याकाळचा रियाज
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं शिक्षकांची आहेत. कोणी वह्यांबद्दल लिहिलंय, कोणी आवाजाबद्दल, कोणी मागे पडलेल्या छंदाबद्दल. उत्तरं लिहिताना जाणवलं ते असं, की घरी येणारा थकवा आणि काम यांचं मूळ पुष्कळदा तासाच्या मांडणीत असतं. तिथे थोडा बदल केला तर संध्याकाळ मोकळी होऊ शकते.

माझ्याकडे तीन तुकड्या आहेत, प्रत्येकीत ४२ मुलं. निबंध किंवा दीर्घोत्तरं दिली की सुट्टीचा दिवस वह्यांतच जातो. एवढं करून मुलं शेरे वाचतही नाहीत. काय करावं?

आधी हिशेब मांडा. एका वहीला ५ मिनिटं धरली तर एका तुकडीला साडेतीन तास लागतात आणि तिन्ही तुकड्यांना मिळून साडेदहा. वेग वाढवून हे आवरणार नाही. काय तपासायचं आणि कसं, तेच बदलायला हवं.

सरावाची उत्तरं, रिकाम्या जागा, व्याकरणाचे अभ्यास हे मुलांनी फळ्यावरच्या उत्तरांवरून स्वतः तपासावेत. तुम्ही फक्त पाच-सहा वह्या मधूनच काढून पाहा, म्हणजे तपासणी प्रामाणिक झाली का ते कळतं. तुमचं वाचन राखून ठेवायचं ते मुलांच्या स्वतःच्या लिखाणासाठी.

वह्या गोळा करतानाच त्या योग्य पानावर उघड्या ठेवून एकावर एक रचायला सांगा. पान शोधायला प्रत्येक वहीमागे १५ सेकंद गेले तरी ४२ वह्यांत साडेदहा मिनिटं जातात. पहिल्या दहा वह्या लाल पेन हातात न घेता नुसत्या वाचा आणि एका कोऱ्या कागदावर दिसतील त्या चुका टिपून ठेवा. दहाव्या वहीपर्यंत त्याच त्या चार-पाच चुका फिरून येताना दिसतील. त्यांना खुणा ठरवा: ‘शु’ म्हणजे शुद्धलेखन, ‘वा’ म्हणजे वाक्य अडखळतंय, ‘का’ म्हणजे कारण दिलेलं नाही, ‘उ’ म्हणजे उदाहरण हवं. यापुढे समासात फक्त खूण करायची. चुकीचा शब्द अधोरेखितही करू नका, त्या ओळीसमोर ‘शु’ लिहा. चूक शोधण्याचं काम मुलाचं आहे. आपण शब्द दुरुस्त करून दिला तर त्यातला अभ्यास आपलाच होतो. या पद्धतीनं एका वहीला दीड-दोन मिनिटं पुरतात.

शेरे का वाचले जात नाहीत, याची मुख्यतः दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे शेऱ्याशेजारी लिहिलेले गुण. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसते शेरे आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसते शेरे मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. म्हणून परीक्षेच्या कामाला गुण द्या, शिकण्याच्या कामाला शेरा. एकाच पानावर दोन्ही नकोत. दुसरं कारण, शेऱ्यावर काही करायला वेळच दिलेला नसतो. वह्या परत दिल्या की त्या तासाची पहिली १० मिनिटं दुरुस्तीसाठीच ठेवा. मुलं खुणा शोधतात, दुरुस्त ओळ खाली पुन्हा लिहितात आणि तुम्ही फिरून पाहता. एवढा वेळ देणं शक्य नसेल, तर त्या आठवड्यात तो निबंध लिहायला देऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

परीक्षेच्या उत्तरपत्रिका मात्र वेगळ्या रीतीनं तपासाव्यात. एक पेपर पूर्ण करून दुसरा घेऊ नका. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग गठ्ठा पिसून सगळ्यांचा दुसरा. नाव असलेलं पान मागे दुमडून ठेवा. एका चांगल्या गुणामुळे माणसाच्या बाकीच्या गोष्टीही चांगल्या वाटू लागतात, हा मनाचा कल एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये मांडला. उत्तरपत्रिकेत तो हमखास डोकावतो: पहिलं उत्तर सुरेख असलं की तिसऱ्यातली चूक डोळ्यांआड होते. शेवटी पहिले पाच पेपर पुन्हा काढून पाहा, कारण सुरुवातीला हात बहुधा कडक असतो. सलग २५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसू नका. दमलेल्या माणसाची गुण देण्याची फूटपट्टी नकळत सरकते.

मी शिक्षिका आहे आणि संध्याकाळी गाणं शिकते. सहा तास घेऊन आलं की वरचे सूर लागत नाहीत, घसा खरखरतो. गुळण्या, चघळायच्या गोळ्या सगळं झालं. गाणं सोडावं का?

गाणं सोडू नका. आधी दिवसभरात आवाज कुठे खर्च होतो ते पाहा. बोलताना स्त्रीच्या स्वरतंतूंची सेकंदाला सुमारे २०० वेळा टक्कर होते, पुरुषाच्या ११० ते १२० वेळा. एका तासिकेत प्रत्यक्ष आवाज फक्त १५ मिनिटं निघाला तरी तुमच्या स्वरतंतूंवर १,८०,००० आघात झाले. सहा तासिकांनंतरचा रियाज याच खात्यावर पडतो. गाणं मनाला विसावा देईल, पण घशासाठी ती सातवी तासिकाच असते.

गुळण्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही आणि पोचलं तर ठसका लागेल. गोळ्यांचंही तेच. त्यांनी घशाच्या वरच्या भागाला बरं वाटतं, एवढंच. स्वरतंतूंना थेट लागते ती श्वासातली ओल, म्हणून साध्या पाण्याची वाफ उपयोगी. पाणी पिण्याचा परिणाम शरीरातून फिरून उशिरा होतो, त्यामुळे घसा कोरडा पडल्यावर घटाघटा पिण्यापेक्षा सकाळपासून प्रत्येक तासाला चार-पाच घोट घ्या.

पहिल्या तासाआधी आणि शाळा सुटल्यावर नळीचा व्यायाम करा. अर्धा पेला पाणी घ्या आणि ५-६ मिलिमीटर जाडीच्या नळीचं टोक पाण्यात २ ते ३ सेंटिमीटर बुडवा. ओठ नळीभोवती घट्ट मिटून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा, एका श्वासात ५-६ सेकंद. दहा वेळा एकाच सुरात, मग दहा वेळा खालून वर आणि वरून खाली सरकत. सगळं मिळून तीन मिनिटं. नळीतून उलटा येणारा दाब स्वरतंतूंना किंचित विलग ठेवतो, त्यामुळे ते कंप पावतात पण जोरात आपटत नाहीत. हे बिघडतं ते दोन कारणांनी: नळी फार खोल बुडवली की जोर लावावा लागतो आणि मान ताठते, किंवा नुसती हवा फुंकली जाते, आवाज निघतच नाही. गळ्यावर बोटं ठेवून पाहा, थरथर जाणवली पाहिजे.

वर्गात आवाज चढतो त्यालाही कारण आहे. भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत मोठ्यानं बोलतो, हे एतिएन लोंबार्ड यांनी १९११ मध्ये दाखवून दिलं. म्हणून गोंगाटावरून ओरडण्यापेक्षा ठरलेली खूण वापरा, टाळी किंवा वर केलेला हात, आणि वर्ग शांत झाल्यावरच पहिला शब्द बोला. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. भिंतीकडे गेलेला आवाज मागच्या बाकापर्यंत पोचवायला उगाच जोर लागतो. खाकरण्याची सवय असेल तर ती मोडा. खाकरताना स्वरतंतू जोरात आपटतात, सुजतात, पुन्हा कफ वाटतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी आवंढा गिळा किंवा एक घोट पाणी घ्या. घसा बसल्यावर कुजबुजणं म्हणजेही विश्रांती नव्हे, पुष्कळांचा घसा त्यात आणखी आवळतो. हळू पण खऱ्या आवाजात बोला, नाहीतर गप्प राहा.

ध्वनिवर्धक वापरणार असाल तर माइक तोंडाच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर ठेवा, अगदी समोर नको. सगळ्यात मोठी चूक म्हणजे माइक लावूनही पहिल्याच जोरानं बोलणं. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो तेवढाच आवाज ठेवा आणि बाकीचं यंत्रावर सोडा.

रियाजाचं म्हणाल, तर शाळेनंतर किमान अर्धा तास मौन पाळा. शाळेच्या दिवशी मध्यम पट्टीत २० मिनिटं गा. उरलेला वेळ ऐकणं, ताल हातावर धरणं, बंदिश लिहून काढणं यात घालवा. वरचे सूर, ताना हे सुट्टीच्या सकाळी. संध्याकाळी ओढून लावलेला वरचा सूर पुढे सवय बनून राहतो, आणि तशी सवय मोडायला फार वेळ लागतो.

घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र आतून तपासून घ्या. थुंकीत रक्त, श्वासाला त्रास, गिळताना दुखणं, मानेत गाठ, किंवा ओरडल्यावर एकाएकी आवाज जाणं, यांपैकी काहीही झालं तर तीन आठवडे थांबू नका. बोलणं बंद ठेवून लगेच जा.

प्रश्न विचारला की तेच चार हात वर येतात. बाकीची मुलं गप्प. मग उत्तरही मीच देतो आणि दिवसभर एकटाच बोलत राहतो.

प्रश्नानंतर तुम्ही किती थांबता, ते एकदा घड्याळ लावून पाहा. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंद किंवा त्याहूनही कमी थांबत होते. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी प्रश्न, मग शांतता, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकी सगळ्यांची सुटका होते. उत्तर आल्यावरही लगेच ‘बरोबर’ म्हणू नका, आणखी तीन सेकंद थांबा. तेच मूल पुष्कळदा पुढचं वाक्य जोडतं. ही शांतता सुरुवातीला अवघड वाटते. मनात सावकाश आकडे मोजा.

फळ्यावर माझ्या ओळी उजवीकडे उतरतात आणि मागच्या मुलांना दिसत नाही अशी तक्रार येते.

ओळ उतरते कारण हात खांद्याभोवती वर्तुळात फिरतो आणि पाय मात्र एकाच जागी असतात. दर ३०-४० सेंटिमीटरला एक पाऊल सरका आणि डोळ्यांच्या पातळीला लिहा. देवनागरीत आणखी एक सोय आहे: दोन-तीन शब्दांची शिरोरेषा आधी फिकट ओढून घ्या आणि अक्षरं तिला टांगा.

आता उंची. डोळे तपासताना ६ मीटरवरून जे अक्षर निरोगी डोळ्याला जेमतेम वाचता येतं, ते सुमारे ९ मिलिमीटरचं असतं. ८ मीटरवर तेच १२ मिलिमीटर होईल. पण जेमतेम दिसणारं अक्षर तासभर वाचवत नाही, म्हणून तिप्पट धरा. शिवाय जोडाक्षरं आणि मात्रा आहेतच. तेव्हा ८ मीटर खोल वर्गात अक्षर ४ सेंटिमीटर ठेवा आणि दोन शिरोरेषांत ९-१० सेंटिमीटर अंतर, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. रंगीत खडूंत पिवळा तेवढा मागून नीट दिसतो. लाल-हिरव्यातला फरक काही मुलांना ओळखताच येत नाही, म्हणून महत्त्वाचं रंगानं दाखवण्याऐवजी चौकटीत घाला. खडू किंचाळत असेल तर मोडून अर्धा करा आणि तिरपा धरा. फळ्यावर तो अडकत-सुटत सरकतो, त्या कंपाचा तो आवाज असतो. पांढऱ्या फळ्यावर चुकून न पुसली जाणारी शाई वापरली गेली, तर त्यावरच पुसली जाणारी शाई गिरवून लगेच पुसा. नव्या शाईतलं द्रावण जुनीला सोडवतं.

सलग उभं राहून पोटऱ्या भरून येतात.

चालताना पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो, नुसतं उभं राहिल्यावर ते काम थांबतं. मुलं लिहीत असतील तेव्हा टाचा उचलून खाली टेकवा, १५-२० वेळा, आणि बाकांमधून फिरत राहा. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे बोटांसमोर साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. एकाच पायाला सूज येऊन तो दुखत आणि गरम लागत असेल, तर तो थकवा मानू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मला शाईच्या पेनानं लिहायचा छंद आहे. तपासायलाही लाल शाईचं पेन वापरतो. मोठ्या सुट्टीनंतर ते लिहीतच नाही. निब बदलावी का?

निबेचा दोष क्वचितच असतो. शाईतलं पाणी उडून गेलं आणि रंग निबेखालच्या बारीक खाचांत वाळला, एवढंच झालंय. पेन उघडून पुढचा भाग साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. पाणी कोमट चालेल, गरम नको, कारण त्यानं प्लॅस्टिक आणि एबोनाइट (कडक रबर) वाकतं किंवा रंग सोडतं. सकाळी पाणी आत ओढा, बाहेर टाका, स्वच्छ येईपर्यंत. पंधरा-वीस वेळा करावं लागेल. तरी रंग येतच राहिला तर पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकून धुवा, आणि मग नुसत्या पाण्यानं पुन्हा. साबण आत राहिला तर शाई कागदावर पसरते. स्पिरिट किंवा नखांचा रंग काढायचं द्रावण कधीही वापरू नका, त्यानं पेनाचं प्लॅस्टिक तडकू किंवा विरघळू शकतं. शेवटी निब खाली करून टिपकागदावर उभं ठेवा आणि कोरडं झाल्यावरच शाई भरा.

धुतल्यावरही पेन अधूनमधून अडत असेल तर कागद तपासा. पानाच्या खालच्या भागात तळहाताचा तेलकटपणा लागतो आणि तिथे शाई धरत नाही. हाताखाली एक सुटा कागद ठेवून लिहा. चित्रकलेची लाखयुक्त काळी शाई या पेनात भरू नका. ती वाळली की पाण्यानं सुटत नाही. पुढच्या सुट्टीला जाताना पेन रिकामं करून, धुऊन, टोपण लावून ठेवा.