इंग्लंडच्या खेड्यात राहायला जाताना : वाचकांचे प्रश्न

नोकरीसाठी इंग्लंडला गेलेली मुलं कधी शहराबाहेरच्या खेड्यात घर घेतात आणि बडोद्यात आई-वडिलांची जायची तयारी सुरू होते. या वेळच्या पत्रांत असेच प्रश्न जास्त आहेत. मुख्य गोष्ट आधी सांगतो. तिथल्या लहान गावात सोयी असतात, पण ठरल्या वारी, ठरल्या तासांपुरत्या. त्यातल्या बऱ्याच सोयी गावकरी बिनपगारी चालवतात. ते वेळापत्रक हाती असेल तर फारसं अडत नाही.

मुलाचं गाव तीन-चारशे वस्तीचं आहे आणि आम्ही दोघंही गाडी चालवत नाही. दूध-भाजी, बस, पोस्ट यांचं कसं? (रावपुरा)

एवढ्या गावात दुकान असेलच असं नाही. असलं तर ते बहुधा गावकऱ्यांनी भाग (शेअर) घेऊन काढलेलं असतं. कुणी कितीही भाग घेतले तरी मत एकच, आणि गल्ल्यावर गावातलेच स्वयंसेवक पाळीपाळीने बसतात. दूध, पाव, अंडी, बटाटे, कांदे तिथे मिळतात. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता मिळत नाही. तो माल महिन्याचा एकदम मागवायचा. मोठी सुपरमार्केटं घरपोच देतात, पण खेड्याकडे त्यांच्या फेऱ्या कमी, म्हणून चार-पाच दिवस आधी वेळ राखून ठेवा. दह्यासाठी निळ्या झाकणाचं दूध घ्या, ते पूर्ण सायीचं असतं. हिरव्या झाकणाचं अर्धं साय काढलेलं, लाल झाकणाचं बिनसायीचं. दोन पाइंटची बाटली म्हणजे साधारण 1.14 लिटर. दारावर भाजीची लारी येत नाही, पण शेताच्या फाटकाशी अंडी आणि भाजी ठेवलेली दिसेल. शेजारच्या डब्यात पैसे टाकून माल उचलायचा. तिथे कार्ड चालत नाही, म्हणून एक-दोन पौंडांची नाणी जवळ ठेवा.

बसचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी फ्रिजवर लावा. बऱ्याच गावांत दिवसाला मोजक्याच फेऱ्या, शेवटची बस संध्याकाळी सहाच्या आत आणि रविवारी काहीच नाही. थांब्यावर उभं राहून हात पुढे केला नाही तर चालक तसाच निघून जाऊ शकतो. परतीच्या थांब्याला कधीकधी पाटीच नसते. पलीकडच्या पाटीसमोर उभं राहायचं असतं. हे पोचल्यावर शेजाऱ्यांना विचारून घ्या. एकेरी तिकिटाची कमाल मर्यादा बहुतेक मार्गांवर 2025 पासून 3 पौंड आहे. ज्येष्ठांचा फुकट पास तिथल्या रहिवाशांनाच मिळतो, पाहुण्यांना नाही.

पोस्टाची खिडकी आठवड्यातून काही तास गावच्या हॉलमध्ये उघडते किंवा पोस्टाची गाडी येते. काही परगण्यांत (काउंटींत) फिरत्या ग्रंथालयाची गाडीही ठरल्या वारी येऊन थांबते. पुस्तकं मुलाच्या कार्डावर घेता येतील. बडोद्याला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची जी घडी बसवली, तिच्यात खेड्यांना पुस्तकांच्या पेट्या पाठवायची सोय होती.

जावईबापू सांगतात, गावात गॅसची लाइन नाही, घर तेलावर गरम होतं. तेल मध्येच संपलं तर? आणि मोरीत काही टाकायचं नाही असं मुलगी बजावते, ते का? (प्रतापनगर)

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पाहुण्यांच्या हातून नुकसान होतं ते इथेच.

हे तेल म्हणजे केरोसीन. बागेतल्या प्लास्टिकच्या किंवा लोखंडी टाकीत ते साठवतात. घरगुती टाक्या साधारण 1000 लिटरच्या पुढे असतात आणि टँकरवाले सहसा 500 लिटरपेक्षा कमी द्यायला येत नाहीत. टाकी पाव भाग उरली की मागणी नोंदवायची, कारण थंडीत टँकरला दोन आठवडेही लागू शकतात. अनेक गावांत शेजारी मिळून एकाच दिवशी मागवतात. एका खेपेत सगळी घरं होतात म्हणून लिटरमागे दर उतरतो. अशा गटात जरूर सामील व्हावं. टँकर यायच्या दिवशी बागेचं फाटक उघडं ठेवा आणि टाकीचं कुलूप काढून ठेवा, नाहीतर चालक परत जातो आणि फेरीचे पैसे लागू शकतात.

टाकी कोरडी पडली तर तळाचा गाळ आणि पाणी नळीत ओढलं जातं, गाळणी तुंबते, नळीत हवा शिरते आणि बॉयलर लाल दिवा लावून बंद पडतो. अशा वेळी रीसेटचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. दर वेळी न जळालेलं तेल आत साचतं आणि पुढे पेट घेताना भडका होऊ शकतो. एकदा दाबून चालू झालं नाही तर ऑफ्टेककडे (तेलाच्या बॉयलरच्या कारागिरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) नोंदलेला कारागीर बोलवा. नुसतं तेल भरून भागत नाही, तो नळीतली हवाही काढतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत आतून दव धरून पाणी साठतं आणि ते थंडीत नळीत गोठतं, म्हणून हिवाळ्याआधी टाकी भरलेली बरी. कडाक्याच्या थंडीत बॉयलर बंद पडला आणि तेल भरपूर असेल, तर बॉयलरमधलं पाणी भिंतीबाहेर सोडणारी बारीक प्लास्टिक नळी गोठलेली असू शकते. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको.

मोरीचं कारण म्हणजे सेप्टिक टँक. गावात गटार नसेल तर घराचं सगळं पाणी बागेतल्या टाकीत जातं. तिथे जिवाणू मैला कुजवतात आणि वरचं पाणी जमिनीत मुरतं. आपल्या फोडणीचं तेल आणि तूप यांची त्यात साय धरते, ती मुरण्याच्या नळ्यांत जाऊन बसते आणि मग जमीन पाणी घेईनाशी होते. म्हणून कढई आधी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात टाका आणि मग कढई धुवा. मोरीला बारीक जाळी ठेवा, भात-डाळीचे दाणे अडले पाहिजेत. ओले वाइप्स संडासात कधीही टाकायचे नाहीत, पाकिटावर चालतं असं छापलेलं असलं तरी नाही. ब्लीचचा मारा केला तर जिवाणू मरतात. टाकी साधारण वर्षातून एकदा उपसून घेतात. पाणी सावकाश उतरणं, वास येणं, बागेत एकाच पट्ट्यात गवत गर्द हिरवं आणि जमीन ओली दिसणं, ही बिघाडाची लक्षणं आहेत. ती दिसली की लगेच मुलीला सांगा.

आम्हाला दोघांनाही बीपी आणि साखर आहे. गावात डॉक्टर नसेल तर? (मकरपुरा)

तिथला दवाखाना तीन-चार गावांना मिळून एक असतो. पाहुण्यालाही तात्पुरता रुग्ण म्हणून तीन महिन्यांपर्यंत नाव नोंदवता येतं आणि त्या डॉक्टरच्या तपासणीचे पैसे लागत नाहीत. इस्पितळात दाखल व्हायची वेळ आली तर मात्र पाहुण्याला एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट बिल येतं. प्रवासविमा घेताना बीपी आणि मधुमेह लपवू नका, नाहीतर दावा नाकारला जातो. औषधं मूळ वेष्टनात न्या आणि त्यांची रासायनिक नावं लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा.

तातडीला 999, सल्ल्याला 111. खेड्यातल्या घरांना अनेकदा क्रमांक नसतो, फक्त नाव असतं, आणि एका पिनकोडमध्ये अख्खी गल्ली येते. घराचं नाव, पिनकोड आणि जवळची खूण कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा. लाल टेलिफोन खोक्यात आता बऱ्याच गावी हृदय बंद पडल्यास ते विजेच्या झटक्याने चालू करणारं यंत्र ठेवलेलं असतं. बीटी ही टेलिफोन कंपनी ती जुनी खोकी गावाला 1 पौंडात देते. यंत्राच्या कपाटाला कुलूप असेल तर उघडायचा आकडा 999 वाले सांगतात.

भाचीला तिच्या गावच्या हॉलमध्ये गणपतीची आरती आणि जेवण ठेवायचंय. परवानगी कुणाची? (दांडिया बाजार)

व्हिलेज हॉल बहुधा सार्वजनिक न्यासाचा असतो आणि गावातलीच समिती तो तासावर भाड्याने देते. आठवड्याच्या संध्याकाळी योग, बॅडमिंटन यांनी अडलेल्या असतात, म्हणून उन्हाळ्यातच तारीख धरावी. मांडामांड आणि झाडलोट हे त्याच तासांत धरतात. दोन तासांच्या कार्यक्रमाला चार-पाच तास घ्या. समितीला चार गोष्टी विचारा. किती माणसं बसू शकतात (ती मर्यादा आगीच्या नियमाने ठरते आणि ओलांडायची नाही), स्वयंपाकघरात शिजवायला चालतं की नुसतं गरम करायला, उघडी ज्योत चालते का, अनामत किती.

कापूर आणि धूप यांनी धुराची घंटा वाजते आणि सगळ्यांना बाहेर काढावं लागतं. घंटेवर कापड बांधायचा विचारही करू नका. निरांजन आत, कापूर अंगणात असं ठरवलं की समिती सहसा मान्य करते. चहाचा मोठा हीटर आणि इंडक्शन शेगडी एकाच एक्स्टेन्शनवर लावू नका. तिथला प्लग 13 अँपिअरचा, म्हणजे साधारण 3 किलोवॅटचा. दोन्ही मिळून त्यापुढे गेलं की फ्यूज उडतो. मूर्ती शाडूची घ्या आणि विसर्जन बादलीत करा, गावच्या तळ्यात नको. गावच्या फलकावर आमंत्रण लावा. ज्या शेजाऱ्यांना ढोलाचा आवाज ऐकू येणार आहे त्यांना आधी जेवायला बोलावलेलं बरं.

तिथे ग्रामपंचायत असते का? माझा मुलगा भारतीय नागरिक आहे, त्याला काही बोलता येतं का? (अलकापुरी)

असते, तिला पॅरिश कौन्सिल म्हणतात. 1894 च्या कायद्याने ती आली. बाकं, बसथांब्याचं छप्पर, मुलांचं मैदान, भाजी पिकवायला गावकऱ्यांना भाड्याने द्यायचे वाफे (अलॉटमेंट) ही तिची कामं. रस्त्यातला खड्डा परगण्याच्या कौन्सिलकडे आणि कचरा बहुतेक ठिकाणी जिल्हा कौन्सिलकडे जातो, त्यामुळे तक्रार चुकीच्या दारात गेली तर नुसती फिरत राहते. सभासद बिनपगारी, फक्त कारकुनाला पगार. सभेची विषयपत्रिका किमान तीन दिवस आधी फलकावर लागते, आणि गावकऱ्यांना बोलायला बहुधा सुरुवातीला थोडा वेळ राखलेला असतो.

तुमचा मुलगा राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक आहे, आणि तिथे वैध परवान्याने राहतो, म्हणून मतदारयादीत नाव घालून त्याला मत देता येतं. मेथी-कोथिंबिरीसाठी वाफा हवा असेल तर अर्ज याच कौन्सिलच्या कारकुनाकडे. पूर्ण वाफा सुमारे 250 चौरस मीटरचा असतो, आणि पहिल्याच वर्षी तो पेलत नाही. अर्धा मागा, आणि रात्री हिम पडायचं भय मेच्या अखेरीस संपेपर्यंत बी उघड्यावर टाकू नका.